फाटक नसलेल्यांची युनियन

संप करायचा, तर कुणाविरुद्ध? देवनारच्या डम्पिंगवर प्लॅस्टिक, पत्रा, काच वेचणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारून पाहावा. तिला मालक नाही, मुकादम नाही, हजेरी नाही. माल भंगारवाला वजनावर घेतो आणि भाव तोच ठरवतो. १९२७पासून मुंबईचा कचरा इथे पडतो आहे. तिने चार दिवस काम बंद ठेवले तर उपाशी फक्त तिचे घर राहील. आपली कामगार चळवळ गिरणीच्या फाटकावर वाढली. फाटकच नसलेल्या माणसांनी काय करायचे, हे तिने फारसे शिकवले नाही.

याचे एक उत्तर इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये सापडते. तिथे मजुरांनी एकत्र येणे १७९९-१८००च्या कायद्यांनी गुन्हा ठरवले होते. १८२४ मध्ये ते कायदे गेले, तरी १८३४ साली टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आले. दहा वर्षांनी रॉचडेलच्या विणकरांची पगारवाढीची मागणी फसली. मालक नमत नाही, मग निदान वाणी तरी आपला असू द्या, असे त्यांनी ठरवले. २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमध्ये अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओट आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पण माल चोख, वजन खरे, भांडवल कितीही असो मत एकच, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. तिथे युनियन आणि सहकार एकाच चुलीवर शिजले.

आपल्याकडे मात्र चुली वेगळ्या झाल्या. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रिया बोलल्या, आणि त्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एवढे मिळवणाऱ्या लोखंड्यांच्या संघटनेपाशी नियमित वर्गणी नव्हती, निधी नव्हता. त्यांच्या मागे ती टिकली नाही. सहकार आला तो १९०४च्या सरकारी कायद्याने, कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभे केले ते थोरच. पण त्या कारखान्यांचा सभासद झाला ऊस लावणारा, तोडणारा नव्हे. ऊसतोड मजूर कोयता घेऊन संपावर जातो तेव्हा त्याच्यासमोर सहकारच मालक म्हणून उभा असतो. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या ‘अपना बाजार’सारखे अपवाद आहेत, पण अपवादच.

कचऱ्याच्या कामात हा तिढा अधिक उघडा पडतो. मुंबई महापालिकेने सफाईचे काम छोट्या ठेकेदारांना आणि संस्थांना तुकड्यातुकड्यांनी दिले. दत्तक वस्ती योजनेत तर झाडू मारणारा ‘स्वयंसेवक’ आणि त्याचा पगार ‘मानधन’! सेवाभावाचा इतका सोयीचा उपयोग क्वचितच झाला असेल. मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे एकच गोष्ट सिद्ध केली: खरा मालक महापालिकाच आहे. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केले. मग कागदावरच्या नावांच्या स्पेलिंगवरून अनेकांना पुन्हा अडवण्यात आले, हा आपल्या प्रशासनाचा खास हातगुण.

या कामगारांना निदान सापडण्याजोगा मालक होता. वेचणारीला तोही नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली, त्यानंतर पहारा कडक झाला, वेचणाऱ्यांना आत जाणे बंद झाले. फाटक आले ते असे, तिला बाहेर ठेवण्यापुरते.

पुण्यात मात्र १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची युनियन झाली, तिने आधी महापालिकेकडून ओळखपत्र मिळवले. त्या पंचायतीतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार तिने केला. २०२०च्या अखेरीस तो संपला, ठेकेदारांची चर्चा सुरू झाली, तेव्हा पंचायतच रस्त्यावर उतरली. मला हे निर्णायक वाटते. मागे युनियन नसेल तर असली सहकारी संस्था पालिकेची सर्वांत स्वस्त ठेकेदार होऊन बसते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास उपक्रमातून वेचक बायकांचे गट बांधले, त्यांना ओला कचरा जिरवण्याचे आणि बायोगॅसचे प्रशिक्षण दिले. काम मोलाचे आहे, पण पुण्यासारखा शहरभराचा करार त्यांच्या हाती नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. चेंबूर-देवनारपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत हा अंक वाचणारे बहुतेकजण स्वतः एका सहकारी संस्थेचे सभासद आहेत, त्यांच्या इमारतीच्या. एक सभासद एक मत हा रॉचडेलचा नियम त्यांच्या उपविधींत आहे. वेचकांना कचरा व्यवस्थेत सामावून घ्या, असे २०१६च्या घनकचरा नियमांनीच सांगितले होते. तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत, पार्किंग आणि गळती आटोपल्यावर, एक विषय मांडा: सुक्या कचऱ्याचा करार ठेकेदाराशी न करता वेचक महिलांच्या गटाशी थेट करायचा, लेखी, दर ठरवून, आठवड्याच्या सुट्टीसह.