वेळेचेही माप असते



मूर्तिजापूर हे कापसाचे गाव. हंगामात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की सर्वांची नजर तोलकाट्यावर खिळते. मापात किलोभराची खोट आली तरी शेतकरी गप्प बसत नाही आणि त्याने बसूही नये. घेताना पुरेपूर माप घेणाऱ्यांना व देताना कमी देणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये अत्यंत कडक ताकीद देण्यात आली आहे. ती आपण धान्य-कापसापुरतीच समजून घेतली. माणसाच्या आयुष्याचे तास मात्र आपण कोणत्याच काट्यावर ठेवत नाही.

हंगामात जिनिंगवर रात्रपाळी करणारा मजूर, मार्चअखेरीस उद्दिष्टाचे आकडे गाठणारा बँक कर्मचारी आणि गाव सोडून पुण्यात संगणकासमोर बसलेला आपला मुलगा यांची व्यथा एकच आहे. काम वाढते, मुदत आखडते. जेवण उभ्याउभ्या होते, नमाज घाईत उरकली जाते आणि घरी परततो तो केवळ थकलेला देह.

पवित्र कुरआनने या प्रश्नावर एक सुंदर उदाहरण ठेवले आहे. आदरणीय मूसा (अलै.) मदयनला पोहोचले, तेव्हा तेथील वयोवृद्ध सद्गृहस्थाने त्यांच्याशी चाकरीचा करार केला. सूरह अल-कससनुसार मुदत ठरली आठ वर्षे. दहा पूर्ण केली तर ती मूसांची खुशी. आपल्याला त्यांच्यावर कष्ट लादायचे नाहीत, असेही त्या सद्गृहस्थाने स्पष्ट केले. यावर विचार करा. येथे मुदत आधी ठरली आणि वाढीव दोन वर्षे देणे-न देणे काम करणाऱ्याच्या हाती राहिले. मालकाला ती मागून घेण्याचा हक्क नव्हता. आज नोकरी जाण्याच्या भीतीने कर्मचारी रात्री दहापर्यंत थांबतो आणि आपण म्हणतो, तो स्वखुशीने थांबला! भीतीपोटी दिलेला होकार ही खुशी नव्हे.

अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले, त्यांच्या शक्तीपलीकडचे काम त्यांना सांगू नये आणि सांगावेच लागले तर स्वतः हातभार लावावा, अशी शिकवण दिली. आदरणीय अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली; त्या काळात त्यांना वैतागाचा एक उद्गारही ऐकावा लागला नाही.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही, जीविताचा आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, दीर्घ कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात व हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मरण पावली. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असतो.

आपल्या महाराष्ट्रात विसाव्याचा हक्क सहज मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टी व दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० साल उजाडले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र कायम ठेवली. कायद्याची रेषा कोठेही असो, मोमिनाला त्याहून मोठ्या न्यायालयात उभे राहायचे आहे.

घाईने कामाचेही भले होत नाही. प्रत्येक गोष्टीत ‘एहसान’, म्हणजे उत्तमता असावी, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. उत्तमतेला सवड लागते. सतत धाकाखाली असलेला माणूस हाताने काम करतो, पण त्याचे मन त्यातून केव्हाच निघून गेलेले असते. मग चुका वाढतात, आस्था आटते आणि मालकाच्या हाती केवळ हजेरी उरते.

अर्थात माप दोन्ही बाजूंचे आहे. पूर्ण पगार घेऊन कामाचे तास मोबाइलवर घालवणाराही मापात खोट करतो.

वाचकहो, मालक केवळ कारखान्यातच नसतो. आपल्या दुकानात पोऱ्या आहे, घरी भांडी घासणारी भगिनी आहे. तिच्या कामाची वेळ ठरली आहे काय? जाता जाता सांगितलेल्या जादा कामाचा मोबदला तिला मिळतो काय? तिची मुलेही संध्याकाळी तिची वाट पाहत असतात. आजच हा हिशेब करा. अल्लाहने सूरह अन-नबामध्ये झोपेला विसावा, रात्रीला आच्छादन आणि दिवसाला उपजीविकेचे साधन म्हटले आहे. त्याने दिलेली रात्र दुसऱ्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

अल्लाह आपणा सर्वांना दुसऱ्याच्या वेळेचे माप पुरे देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.