बघ्या

माझ्या मोबाईलमध्ये एक फोटो आहे. तो मी पुसत नाही आणि कुणाला दाखवतही नाही. घारापुरीच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी एक बाई वाकून प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करते आहे. पदर कमरेला खोचलेला, हातात खताचं रिकामं पोतं, चेहरा अर्धाच दिसतो. २०१९ च्या जानेवारीत मी तो तिला न विचारता काढला. सहलीहून परतल्यावर छापून घेतला आणि शाळेच्या फळ्यावर लावला. खाली खडूनं वळणदार अक्षरात लिहिलं, ‘स्वच्छतादूत’. तिनं वेचलेल्या बाटल्या आमच्याच होत्या, हे मात्र लिहिलं नाही.

मी किल्लारीचा. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न मला पाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमची घरं माळवदाची, दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असणारी ती घरं त्या पहाटे माणसांवरच बसली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बावन्न गावं पार जमीनदोस्त झाली आणि पुढं दुसऱ्या जागी वसवावी लागली. मी नऊ वर्षांचा होतो. अंगणात बाजेवर आज्ज्याजवळ झोपलो होतो म्हणून वाचलो.

हे सगळं पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलं आहे. मला त्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. पाऊस सुरू झाला होता, ढिगाऱ्याखालून अजून माणसं काढणं चालू होतं, आणि रस्ते गाड्यांनी भरून गेले होते. त्यांत मदतीच्या गाड्या होत्या, लष्कराच्या होत्या, आणि बघ्यांच्याही होत्या. जीप भरभरून माणसं ‘भूकंप बघायला’ येत. ढिगाऱ्यावर चढत, नाकाला रुमाल लावत, परत निघताना बिस्किटाचे कागद आणि केळीच्या साली टाकत. एकानं आज्ज्याला विचारलं, “तुमचे किती गेले?” उसाचा भाव विचारावा तसं. आज्जा काही बोलला नाही. दुसऱ्यानं मला ओढून ढिगाऱ्यापुढं उभं केलं आणि फोटो काढला. तो फोटो कुठल्या घरातल्या अल्बममध्ये असेल कोण जाणे. फोटो काढणाऱ्याच्या हातात पाण्याची सीलबंद बाटली होती. तशी बाटली मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाणी पिऊन त्यानं ती तिथंच टाकली, आणि मायनं उचलून घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये ती बाटली पुढं दोन-तीन वर्षं रॉकेलसाठी होती.

त्या माणसांवर मी मोठा होईपर्यंत चिडून होतो. शिक्षक झाल्यावर तो राग कामालाही आला. कार्यक्रमात भाषण करायला उभा राहिलो की म्हणायचो, दुसऱ्याचं दुःख म्हणजे सहलीचं ठिकाण नव्हे. टाळ्या पडत.

मग २०१९ ची सहल आली. एसटीची गाडी, सातवी-आठवीची बेचाळीस पोरं आणि आम्ही तीन शिक्षक. गेटवेवरून लाँच निघाली तेव्हा पोरं समुद्राकडं बघून गप्पच झाली. आमच्या तेरणा नदीपलीकडं मोठं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. तासाभरात घारापुरी. मी लाँचमध्येच माहिती सांगायला सुरुवात केली. हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येतं, लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, पोर्तुगिजांनी इथला दगडी हत्ती पाहून ‘एलिफंटा’ नाव ठेवलं आणि तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही बेटावरची तीन गावं. समोर मुंबईचा लखलखाट दिसत असताना या गावांत समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. पोरांना मी हे रंगवून सांगितलं. माहितीत माझी कुठं चूक नव्हती.

चूक धक्क्यावर उतरल्यावर सुरू झाली. ग्रामपंचायत येणाऱ्या माणसांकडून कर घेते. रक्कम चहाच्या कपाएवढी. मी हुज्जत घातली. “शाळेची लेकरं आहेत, खेड्यातून आलोत, त्यांचं कशाला घेता?” समोरचा माणूस कंटाळला आणि निम्म्या पोरांचे पैसे सोडून दिले. सहकाऱ्यांत माझी कॉलर ताठ झाली. शे-दोनशे रुपये वाचवले होते. बेटावरचा कचरा उचलायचा तो अशाच पैशांतून, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. खरं तर आलं होतं. सोयीचं नव्हतं म्हणून बाजूला सारलं.

जेवायला झाडाखाली बसलो. घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. राज्यात जून २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी होती. निघण्याआधी मी ओळखीच्या दुकानदाराकडं गेलो, त्यानं आतून एक गठ्ठा काढून दिला आणि मी तो पिशवीत लपवून आणला. पर्यावरणाचा तास माझ्याकडंच होता. आणि धपाट्याला ताटली लागतच नाही. तळहात पुरतो. आमच्या रानात सगळे तसेच खातात. मुंबईजवळ जायचं म्हणून आम्हाला ताटली लागली.

पाण्याची चार खोकी घेतली होती, अठ्ठेचाळीस बाटल्या. दोन-तीन माकडांनी पळवल्या, बऱ्याच अर्ध्याच पिऊन टाकलेल्या. जवळची कचरापेटी केव्हाच भरली होती. आम्ही तिच्याभोवती ढीग लावला आणि लेण्यांकडं चढलो. खाली आलो तेव्हा माकडांनी ढीग विस्कटला होता आणि ती बाई वेचत होती. पोरांना स्वच्छतेचा धडा मिळावा म्हणून मी फोटो काढला. तिनं वर पाहिलं.

“कुठले तुम्ही?”

“किल्लारी. लातूरकडं.”

“भूकंप झाला होता तेच ना?” ती म्हणाली. “आम्ही टीव्हीवर बघितलेला. एकदा बघायला यायचंय.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उत्सुकता होती, थोडी मायाही होती. मी हसलो, “या की,” म्हणालो, आणि लाँच चुकेल म्हणून पोरांना पळवलं. एकाही पोराला वाकून बाटली उचलायला सांगितलं नाही. स्वतःही उचलली नाही.

ते वाक्य त्या दिवशी मला लागलं नाही, हेही कबूल करायला हवं. लागलं ते पुष्कळ नंतर, फळ्यावरचा फोटो काढताना. पाठीमागच्या डिंकानं कोपरा फाटला, आणि मला एकदम आठवलं की मलाही कुणी असंच उभं केलं होतं.

त्यानंतर मी स्वतःशी हिशेब करून पाहिला. लिटरची रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची. आमच्या अठ्ठेचाळीस बाटल्या म्हणजे जेमतेम किलोभर माल, पण चेपल्या नाहीत तर दोन पोती भरतील. भंगारवाला पैसे वजनावर देतो, होडीत जागा मात्र आकारमानावर जाते. चमकत्या वेष्टनांना, वेफरच्या पुड्यांना तर भंगारातही कुणी विचारत नाही. लातुरात कचरा कसाही असला तरी त्याला निदान रस्ता आहे, टेम्पो आहे. बेटावरून पोतं हलवायचं तर होडीच हवी. नाही तर तिथंच पुरा किंवा तिथंच जाळा, आणि धूर पुन्हा तिथल्याच पोरांच्या नाकात. मुंबईच्या खाडीतून भरतीबरोबर येणारं प्लास्टिक तिवरांच्या मुळांत अडकतं ते वेगळंच. त्या ढिगात आपण जाऊन आणखी दोन पोती टाकून आलो.

पाण्याचं तर आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. माझ्या बहिणीनं त्या महिन्यांत भांडी घासलेलं पाणी झाडांना घातलं. चोहोबाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर पावसाचं साठवलेलं पाणी जपून वापरतात, हे समजायला मला पुस्तक लागत नव्हतं. तीन वर्षांनी त्याच बेटावर आमच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या लोळत होत्या.

मनाच्या कोर्टात माझ्या बाजूनं वकील लगेच उभा राहतो. तो म्हणतो, पर्यटक आले नाहीत तर बेटावरच्या टपऱ्या कशा चालतील? बरोबर आहे. घारापुरीच्या कितीतरी चुली पायऱ्यांवरच्या दुकानांवर पेटतात. तो पुढं म्हणतो, भूकंपातही बघे आलेच नसते तर मदत आली असती का? हेही खरं. माझ्यासमोर उभं राहून रडलेली माणसं होती, घरी जाऊन त्यांनी धान्य पाठवलं, पैसे पाठवले. पण त्याच मदतीत ट्रक भरभरून जुने कपडेही आले. गुंड्या तुटलेले सदरे, कोट, उंच टाचेच्या चपला. भिजून कुजलेल्या कपड्यांचे ढीग कितीतरी दिवस रस्त्याच्या कडेला पडून होते. देणाऱ्याचं कपाट रिकामं झालं आणि आमच्या दारात उकिरडा झाला.

म्हणून आता मला वाटतं, लहानपणी माझा राग चुकीच्या जागी होता. बघणं हा गुन्हा नाही. आपलं ओझं दुसऱ्याच्या दारात उतरवून हलकं होऊन परतणं, हा गुन्हा आहे. त्या माणसानं माझा फोटो काढला ते मी विसरलोही असतो. बाटली मायला उचलावी लागली, हे विसरता येत नाही.

मोठ्या प्रमाणावरही गोष्ट हीच आहे. मालदीवनं १९९२ पासून माले शहराचा आणि हॉटेलांच्या बेटांचा कचरा थिलाफुशीच्या उथळ पाण्यात टाकायला सुरुवात केली, आणि त्या कचऱ्यावरच एक बेट उभं राहिलं. फिलिपिन्सनं २०१८ मध्ये सांडपाण्यानं नासलेलं बोराकाय बेट पर्यटकांसाठी सहा महिने बंदच ठेवलं. पाहुण्यांनी मागं ठेवलेलं निस्तरायला यजमानाला स्वतःचं दार लावून घ्यावं लागलं.

आमच्या जुन्या गावात कचरा हा शब्द फारसा नव्हता. उकिरडा होता. शेण, राख, पाचोळा, भाजीची देठं सगळं त्यात जायचं, आणि पावसाळ्याआधी गाडी भरून रानात जायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असं आमच्याकडं म्हणतात. त्या उकिरड्याचे दरवर्षी फिटायचे. पुनर्वसनात नवं गाव आलं, रुंद रस्ते आणि सरळ रांगा आल्या, पण उकिरड्याची जागा आराखड्यात कुणाला सुचली नाही. आम्हीही मागितली नाही. आता प्लास्टिकचा ढीग रस्त्याच्या कडेला पडून असतो. त्याचे पांग बाराच काय, शंभर वर्षांतही फिटायचे नाहीत.

आणि हेही लिहायलाच हवं. दरवर्षी ३० सप्टेंबरला आम्ही जुन्या गावठाणात स्मारकाशी जमतो. मीही जातो. फुलं वाहतो, डोळे भरून येतात, मग चहा होतो. परतताना बाभळींखाली चहाचे कप आणि पाण्याचे पाऊच पडलेले असतात. ज्या मातीखाली आमची माणसं गेली, तिच्यावर. त्यांत माझा कप होता का? काही वर्षं नक्कीच होता. त्यासाठी बाहेरून कुणी बघ्या यावा लागला नाही.

त्यानंतर मी फार काही केलेलं नाही. सहलीत आता प्रत्येक पोराकडं स्टीलची बाटली आणि कापडी पिशवी असते, जेवण तळहातावर होतं, आणि रिकामं जे राहील ते गाडीत घालून परत आणतो. कर मागितला की पूर्ण भरतो, आधी पोरांना मोजून. दोन वर्षं स्मारकाजवळचे कप उचलले, तिसऱ्या वर्षी पाहुणे बरोबर होते म्हणून लाज वाटली आणि उचलले नाहीत. घारापुरीला पुन्हा गेलो नाही. जायचं असतं तर जाता आलं असतं. त्या बाईला काय तोंड दाखवायचं म्हणून टाळलं, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे तिला मी आठवणारही नाही. तिच्यासमोर मी रोज येणाऱ्या शेकडो लोकांतला एक होतो. मला मात्र निदान गुन्हेगार म्हणून तरी लक्षात राहायचं आहे. हाही अहंकारच.

फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. कधी वाटतं, ती खरंच आली तर? मी तिला जुन्या गावात नेईन. मोडक्या भिंती दाखवीन, आमची बाज कुठं होती ती जागा दाखवीन. ती बघेल, हळहळेल. आणि मग, मला माहीत आहे, पायाशी पाऊच दिसताच ती सवयीनं वाकेल.