हात धुणं आणि हात रिकामे करणं

सूतगिरणीत रिंग खात्यात माझ्या शेजारच्या साच्यावर एक ख्रिस्ती दोस्त आहे. नगर जिल्ह्यातला. मिशनऱ्यांच्या काळात त्याच्या पणज्यानं बाप्तिस्मा घेतला, पण महारवाडा काही सुटला नाही. रात्रपाळीत चहाच्या सुट्टीला तो शुभवर्तमान वाचतो, मी बाबासाहेब वाचतो. आमचं भांडण एकच. तो म्हणतो, आधी माणसाचं अंतःकरण धुतलं पाहिजे. मी म्हणतो, धुवायला आम्हाला पाणी भरू दिलं कुणी?

माझा राग उगीच नाही. शुद्धीचा धंदा आपण पाहिलाय. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून, मंत्र म्हणून तळं शुद्ध करून घेतलं. घाण तळ्यात नव्हती, डोक्यात होती. डोक्यावर मात्र कुणी एक घागर ओतली नाही.

हे ऐकून दोस्त हसला. म्हणाला, अरे, येशू हेच सांगतो. त्यानं मार्कचा सातवा अध्याय काढला. परुशी विचारतात, तुझे शिष्य हात न धुता का जेवतात? येशूचं म्हणणं असं, की बाहेरून पोटात जातं त्यानं माणूस विटाळत नाही. विटाळ आतून निघतो. लोभ, चोरी, खून, गर्व हा खरा विटाळ. च्यायला, मी गप्पच झालो. विटाळाच्या शास्त्रावर मारलेला हा धोंडाच आहे.

पण मग दुसरा सवाल. आतला विटाळ गेला हे ओळखायचं कसं? पिलातानंही लोकांसमोर हात धुतले आणि निर्दोष माणसाला क्रुसावर पाठवलं. आपल्या देशातल्या चर्चमध्ये तेच झालं. अंतःकरण शुद्ध कर अशी प्रार्थना करायची आणि दलित ख्रिस्त्याला बसायला वेगळी जागा, पुरायला वेगळी जागा. तिरुचिरापल्लीला तर दफनभूमीत भिंत घातली. चर्चमध्ये जात पाळली जाते हे कॅथलिक बिशपांनीच 2016 साली आपल्या धोरणात कबूल केलं. सरकारचंही बघा. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हंजे देवळात दलित, कागदावर नाही!

सवालाचं उत्तर दोस्तानंच दिलं, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातून. यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत, असं उभं राहून बोलला. त्यावर येशू म्हणाला की आज या घराचं तारण झालं. मला यातून एवढं कळलं: मन धुतल्याची पावती हिशेबात दिसली पाहिजे. हात धुणं सोपं आहे. हात रिकामे करणं अवघड.

मित्रांनो, आपण म्हणतो व्यवस्था बदला, मन आपोआप बदलेल. पण बुद्धानं चित्तशुद्धी सांगितली ती काय फक्त सवर्णांना? माझंच सांगतो. आमच्या कँटीनला गटार काढणारा एक कामगार येतो. त्याचा कान तुटलेला कप बाहेर खिडकीत वेगळा ठेवलेला. वर्षभर मी तो कप बघितला. त्याच वर्षी महाडवर कविता लिहिली, वाचली, टाळ्या घेतल्या. कपाबद्दल बोललो नाही. मी बदली कामगार, मला कायम व्हायचं होतं. आणि खरं सांगायचं तर तो माझ्याहून 'खालचा' होता. परुशी माझ्यातच निघाला.

परवा त्याच्याशेजारी बाहेर बसून चहा प्यालो. मुकादम बघत होता. मनाला बरं वाटलं. पण नुसतं बरं वाटणं हे पिलाताचं पाणी. कप अजून खिडकीतच आहे. पुढच्या बैठकीत युनियनपुढं हा विषय काढणार, नोकरी कायम होवो न होवो. वर्षभराचं गप्प बसणं माझ्याकडं देणं आहे, आणि ते चौपट फेडायचं आहे.

तुमच्या खिडकीत कुणाचा कप आहे?

जयभीम.