निवडलेली मर्यादा

२०२४ साली पेंटॅक्सने फिल्मवर चालणारा एक नवा छोटा कॅमेरा बाजारात आणला : 'पेंटॅक्स १७'. ३६ छायाचित्रांच्या रोलवर तो ७२ छायाचित्रे घेतो. मात्र प्रत्येक चौकट निम्मी, १७ × २४ मिलिमीटरची, म्हणून मोठ्या प्रतीत कण अधिक दिसतात. प्रकाशाचे मान तो स्वतः ठरवू शकतो. अंतराचा अंदाज आणि फिल्म पुढे सरकवणे हे काम मात्र तो माणसावर सोपवतो. मोबाइलवर हवी तितकी छायाचित्रे निघत असता ही अडचण कोणी विकत का घ्यावी? कारण मोजकेपणा माणसाला नीट पाहावयास शिकवतो.

परंतु येथे विवेक हवा. चामोर्शीच्या परिसरात एखाद्या घरी आजोबांचे एकच छायाचित्र भिंतीवर असते, ते मोजकेपणाच्या आवडीमुळे नव्हे. दुसरे काढावयास पैसे नव्हते म्हणून. धर्मभगिनींचे दारिद्र्यव्रत आणि गरिबाचे दारिद्र्य यांतील भेद हाच : एक स्वीकारलेले, दुसरे लादलेले. पहिले सद्गुण ठरू शकते. दुसरे दूर करणे हे आपले कर्तव्य ठरते.

म्हणून हौसेने असा कॅमेरा घेणाऱ्याने त्या ७२ पैकी काही चौकटी अशा घरांसाठी राखाव्यात आणि प्रती त्यांच्या हाती द्याव्यात. आपण निवडलेली मर्यादा दुसऱ्याची उणीव भरू लागली, तरच तिला व्रत म्हणावे.