टाळ वाजतो तोवर आरती नाही

संतसज्जनहो, माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्या वारकऱ्याला समाजआरती सांगायला नको. पालखी मुक्कामी येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि सारे टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असले, तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, सोय लावतो. ते टाळ निवाले म्हणजे मग आरती. बाकी साऱ्या दिंड्या राजी आहेत, म्हणून तिथे कोणी हात मोजीत नाही.

हीच रीत गडचिरोलीच्या रानात एका गावाने आपल्या कारभाराला लावली आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा), गोंड बांधवांचे शंभरेक उंबऱ्यांचे गाव. दिल्ली-मुंबईत आपले सरकार, पण गावात आपणच सरकार, असे ही मंडळी म्हणतात. ग्रामसभेत निर्णय होतो तो सर्वसहमतीने, बहुमताने नव्हे. एकाचे जरी मन मानत नसले, तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. मधल्या काळात अभ्यासगटात बसून लोक कायदा समजून घेतात, जाणत्याला विचारतात, वाद घालतात. निर्णय मात्र ग्रामसभेचाच.

कोणी म्हणेल, अशाने कामे खोळंबतील. वेळ लागतो, खरेच आहे. पण फळ पाहा. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पुढे २०१३ साली गावाने ग्रामदान केले. जमीन कसायची ज्याची त्याने, मालकी ग्रामसभेची. आता सांगा, दहा हातांनी ज्याला हरवले तो माणूस आपली जमीन गावाच्या ओटीत घालील काय? ऐकून घेतलेलाच माणूस विश्वास टाकतो.

मात्र एक जपायला हवे. गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे. सावकाराच्या भिडेने, भाऊबंदांच्या धाकाने कोणी तोंड मिटले, तर ती सहमती पोकळच. टाळ आपसूक थांबणे निराळे आणि हात धरून थांबवणे निराळे.

आपल्याकडे काय चालते? सप्ताहाची वर्गणी, दिंडीची वाट, धर्मशाळेची खोली. चार कारभारी ठरवतात आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. मग दोन वर्षांनी दिंडी फुटते, एका गावात दोन सप्ताह बसतात आणि आपण म्हणतो, कलियुग आले! कलियुग कसले बाबांनो, कोणाचा तरी टाळ वाजत होता आणि आपण आरती उरकून घेतली.

तर येत्या बैठकीत एवढे करू. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला, चुलीपुढच्या माउलीला अगोदर विचारू: तुमचं काय म्हणणं? ते ऐकू, आणि मगच पुढचे बोलू.

राम कृष्ण हरि.