पाहिलें तें सांगणें

गांवांत बांधावरून मारामारी होते, एखाद्याचें डोकें फुटतें. दहा जणांनीं तें पाहिलेलें असतें. परंतु फौजदार चौकशीस आले म्हणजे ते दहाही जण त्या वेळीं परगांवीं गेले होते असें निघतें! प्रिय वाचकहो, ह्याला आपण शहाणपण म्हणतों. लेवीयाच्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायाच्या आरंभीं मात्र, ठाऊक असून न सांगणाऱ्यावर दोष ठेविला आहे. तेथें गोष्ट खोटें बोलणाऱ्याची नाहीं, गप्प राहणाऱ्याची आहे.

तरी भिणाऱ्यास एकदम पापी ठरविणें आम्हांस रुचत नाहीं. ज्याला उद्यां त्याच मारणाऱ्याच्या शेतांत मजुरीस जावयाचें आहे, त्याची भीति खरी आहे. म्हणून उपदेशकानें त्यास आधीं कायदा समजावून द्यावा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें स्त्रिया, 15 वर्षांखालील मुलगे, 60 वर्षांवरील पुरुष, तसेंच अपंग व फार आजारी माणसें यांस जबाबासाठीं ठाण्यावर येण्याची सक्ति करितां येत नाहीं. पोलिसांनींच घरीं गेलें पाहिजे. तपासांत लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते. ज्या उत्तरानें स्वतःवरच गुन्ह्याचा आरोप येईल, तें देण्यास तो बांधलेला नाहीं; बाकीचीं उत्तरें खरीं दिलीं पाहिजेत. मोठ्या गुन्ह्यांत जिवास धोका असल्यास संरक्षण मागतां येतें. त्यासाठीं सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं एक योजना मान्य केली. ती आडगांवच्या झोंपडीपर्यंत कितपत पोंचते, हा प्रश्न निराळा.

परंतु धीर देणाऱ्यापुढेंच मोठा मोह असतो. "असें सांग, तसें सांगूं नको," असें पढविण्याचा. तसें केलें म्हणजे साक्ष त्याची न राहतां आपली होते. "मला दिसलें नाहीं," "मला आठवत नाहीं," हींही खरीं उत्तरें आहेत. डोळ्यांनीं पाहिलेलें कोणतें आणि पाणवठ्यावर ऐकलेलें कोणतें, हें त्याचें त्यानेंच निवडावें. आपण सोबत चालावें, ठाण्याबाहेर बसून राहावें.

आणि जखमी मनुष्य आपल्या मंडळींतला, पण पहिला दगड त्यानेंच मारिला, असें साक्षीदारानें पाहिलें असेल तर? तेव्हां त्यास गप्प करावयास पुष्कळ जण येतील, कदाचित् मंडळीचे पंचही. त्या रात्रीं उपदेशकानें त्याच्या घरीं जाऊन बसावें.