दोडक्याचं बी

माझ्या मायचा एक नियम होता. बी मागायला कोणी दारात आलं तर नाही म्हणायचं नाही. पीठ नाही म्हटलं तर चालेल, उसने पैसे नाही म्हटले तर चालेल, पण बी नाही म्हणायचं नाही. तिच्याकडे दोडक्याचं एक बी होतं, तिच्या माहेरून आलेलं. हातभर लांब दोडका, शिरा कोवळ्या, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कधी कडू निघायचा नाही. त्या बियासाठी समुद्रपुरातल्या आमच्या दारी मृगाच्या तोंडावर बाया यायच्या.

माय बी नुसतं देत नसे, त्याच्यासोबत सांगणं देई. लुगड्याच्या चिंधीत आठ-दहा बिया बांधायची आणि म्हणायची, "फोकून देऊ नको वं, टोबजो. रातभर पाण्यात ठेवजो. बोटाच्या एका पेराएवढं खोल, जास्त नाही." आमच्याकडची माती काळी. पऱ्हाटीला, तुरीला ती आईसारखी. पण सांदवाडीतल्या बारीक बियाची मात्र वैरीण. एक सर पडली आणि वरून ऊन तापलं की तिच्यावर पापडी धरते. कोंब खालून धडका देतो आणि मान मोडून तिथंच बसतो. म्हणून माय आळ्यातली माती नाल्याची रेती आणि चाळलेलं शेणखत घालून हलकी करायची. बी झाकायचं ते मातीनं नाही, खताच्या भुग्यानं. बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल, हा तिचा अंदाज. वांग्याचं, मिरचीचं बी चिमूटभर, म्हणून ते रेतीत कालवून वाफ्यात टाकायचं, म्हणजे एका जागी गचका पडत नाही. सांबारासाठी धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या. अख्खा धना उगवत नाही असं नाही, पण आळशासारखा मागाहून उगवतो. आणि मुंग्या नेतात म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ.

मी आठवीत होतो त्या वर्षीची गोष्ट. आदल्या पावसाळ्यात आमचं छप्पर गळलं होतं आणि बियाच्या डालडाच्या डब्यात पाणी गेलं होतं. डबा कधी भिजला ते कळलं नाही. कळलं तेव्हा बियाला कुबट वास सुटला होता. मायनं ते उन्हात वाळवलं, वाळल्यावर ते पहिल्यासारखंच काळंभोर दिसू लागलं. तिनं त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिल्या. आठ दिवसांत एकही फुटली नाही. "मेलं हे," ती म्हणाली, आणि कामाच्या घाईत डबा तसाच फळीवर राहिला. चांगलं बी म्हणजे मयालीला टांगलेला एक वाळका दोडका, तेवढाच.

माय मामाकडे गेली असताना घरामागची मावशी आली. सख्खी नव्हे, गल्लीतली. ऐन तिशीत नवरा गेलेला, पदरात एक पोरगा, दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जायची. "बाबू, तुह्या मायनं दोडक्याचं बी देतो म्हणलं होतं." मी वर पाहिलं. मयालीला एकच दोडका. तो फोडला तर आमच्याजवळ काय राहील, हा हिशेब पोरवयातही मला झटकन आला. एका दोडक्यात बिया किती असतात हेही मला ठाऊक होतं, तरी आला. नाही म्हणायची तर सोय नव्हती. मी डबा काढला, मूठभर बी तिच्या पदरात ओतलं. मायनं दिलं असतं त्याच्या चौपट. ती म्हणाली, "एवढं कायले रे?" आणि तिचं तोंड असं उजळलं की ते मला अजून दिसतं.

तिनं सगळं मायनं सांगितल्यासारखं केलं. कुंपणालगत आळी खणली, भिजवलं, टोबलं. सकाळी कामाला जाताना वाकून पाहायची, संध्याकाळी आल्यावर वाकून पाहायची. आमच्या सांदवाडीतून मला ते दिसायचं. दहा दिवसांनी तिनं बोटानं माती उकरली. बी फुगून मऊ पडलं होतं. पुन्हा टोबलं, बी पुष्कळ होतं ना! तेही गेलं. तोवर मृग सरला होता. आमच्या आळ्यात मायनं आल्याबरोबर लावलेल्या वेलाला चार पानं आली होती, त्याच बियाची, असं सगळ्यांना वाटत होतं. मग कुंपणापलीकडची एक म्हातारी बोलली, "पांढऱ्या कपाळाच्या हातानं पहिलं बी टोबत असते का बाई? पोराच्या हातानं टाकाव." मावशी काही बोलली नाही. पुढच्या वर्षापासून ती आळं खणायची, खत घालायची, बी भिजवायची, आणि मग पोराला हाक मारायची. त्याच्या मुठीत बी द्यायची. आपण बाजूला उभी राहायची.

मी हे सगळं पाहत होतो आणि गप्प होतो. मला नेमकं माहीत होतं की दोष हाताचा नाही.

त्या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुधात पाणी घातलं तर घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळतं. माप कमी दिलं तर घरी जाऊन मोजता येतं. मेलेलं बी दिलं तर घेणारा ते स्वतःच्या हातानं मातीत पुरतो, आणि पुरावाही त्याच्याबरोबर पुरला जातो. नाही उगवलं की तो आधी स्वतःकडे पाहतो: खोल गेलं का, पाणी जास्त झालं का, पाखरानं नेलं का. देणाऱ्याच्या खोट्यात घेणाऱ्याची मेहनत, त्याची माती, त्याचा पाऊस सगळे सामील होतात. आणि ज्याच्याकडे गावानं आधीच बोट दाखवलेलं आहे, त्याच्याबाबतीत तर विचारायची गरजच उरत नाही.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि आमच्या विदर्भात सोयाबीन उगवलं नाही, तक्रारींचे ढीग लागले. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी, २०१९ च्या परतीच्या पावसात पीक शेतातच भिजलं होतं. सोयाबीनचं साल नाजूक, खालचा अंकुर सालीला लागूनच; भिजलं की त्याचा जीव जातो, आणि पोतं जोरात आपटलं तरी जातो. तालुक्याच्या तक्रार समित्या बांधावर आल्या. समित्यांना विचारावं लागतंच, पण शेतकऱ्याला आधी ऐकू आले ते तेच प्रश्न: किती खोल पेरलं? पुरेशी ओल होती का? मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि मला वाकून माती उकरणारी मावशी दिसत होती. आमचाही डबा पावसानंच भिजला होता.

विकायच्या बियाबद्दल १९६६ चा कायदा आहे. पिशवीवर उगवणशक्ती लिहावी लागते. सोयाबीनला शंभरात किमान सत्तर दाणे उगवले पाहिजेत. घरच्या बियाला असं काही नाही. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, अदलाबदल करायचा हक्क दिला, नाममुद्रा लावून विकायचा तेवढा नाही. हक्क चांगला आहे, मला तो हवाच आहे. पण चिंधीत बांधून दिलेल्या बियावर आकडा कोण लिहिणार? तो देणाऱ्यानंच आपल्यापाशी लिहून ठेवायचा असतो. मी आता कोणालाही बी देण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात घालून पाहतो. सातापेक्षा कमी फुटले तर तसं सांगून देतो, आळ्यात दोन दाणे जास्त टाक म्हणून. कांद्याचं बी वर्षाच्या वर गेलं असेल तर देतच नाही. घरचे हसतात.

तरी मला एक प्रश्न सुटलेला नाही. मी मायचा नियम मोडला होता का? नाही तर म्हटलं नव्हतं. बी दिलं होतं, मूठभर. शब्द पाळून मी त्याच्या आतला दाणा काढून घेतला होता. सरळ नाही म्हटलं असतं तर मावशीला राग आला असता, ती दुसऱ्या दारी गेली असती आणि तिच्या कुंपणावर कोणाचातरी दोडका चढला असता. माझ्या कंजूषपणापेक्षा माझ्या चांगुलपणानं तिचं जास्त वाईट केलं.

आमच्या तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. भूगर्भवाले त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतात. लोकांत गोष्ट अशी आहे की, दोन फिरते व्यापारी बाबांची थट्टा करून गेले आणि त्यांच्या गोण्यांतले नारळ आणि बाकी सगळा माल दगड झाला. त्यांनी पाय धरले, तेव्हा बाबांनी वाळल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. ते व्यापारी मग तिथंच सेवेला राहिले. लहानपणी मला त्यातले दगड आवडायचे. आता वाटतं, त्यांचा माल तर परत मिळाला. मग ते घरी का गेले नाहीत?

मायला मी हे सांगितलं तेव्हा मला नोकरी लागली होती. वाटलं, ती रागावेल. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कायले सांगतं? तिले सांग."

मावशी तोवर पोराकडे हिंगणघाटला राहायला गेली होती. मी आणखी काही वर्षं घालवली. माय गेल्यानंतर एका मे महिन्यात गेलो, चिंधीत दोडक्याचं बी घेऊन. दहापैकी नऊ फुटलेलं. मावशी आता म्हातारी, कानानं थोडी कमी. स्लॅबवर तेलाच्या डब्यांत सांबार, पालक, एका फुटक्या बादलीत कारल्याचा वेल. मी सगळं सांगितलं. डबा, गळकं छप्पर, मयालीचा दोडका. मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे खालच्या घरातही ऐकू गेलं असेल. तिनं ऐकून घेतलं. "दोडका? हाव, तुह्या मायचा दोडका लय गोड होता," ती म्हणाली. तेवढंच. चहा झाला.

मग तिनं चिंधी सोडली, बी हातावर घेऊन पाहिलं, नखानं एक दाणा टोकरला. एक रिकामा डबा ओढून त्यात माती भरली, बोटानं चार भोकं पाडली, बरोबर एका पेराची. आणि खोलीकडे तोंड करून नातवाला हाक मारली.

मी म्हटलं, "मावशी, तूच टाक ना. मी आत्ता सांगितलं ना तुले."

"राहू दे बाबू," ती म्हणाली, "उगवाले नाही पायजे का?"